पपईच्या व्हायरसची दहा हजार अक्षरं

पपईच्या बागेत व्हायरस शिरला की पहिली खूण बहुतेकदा शेंड्याकडच्या पानांवर दिसते. कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात, पान सुरकुततं, जागोजागी फुगतं. देठांवर आणि खोडाच्या वरच्या हिरव्या भागावर तेलकट, गडद रेषा येतात. पुढची पानं इतकी अरुंद होत जातात की काही वेळा शिरेच्या दोन्ही बाजूंना नावापुरतंच पान उरतं. आणि मग फळावर ती वलयं दिसू लागतात, एकात एक, सालीपेक्षा गडद हिरवी. फळ लहान राहतं, गोडी उतरते, व्यापारी हात लावत नाही.

अशा वेळी शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो: कोणतं औषध मारू? रोग झालेलं झाड बरं करणारं औषध नाही, हे उत्तर खरं आहे. पण ते तेवढ्यावर सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. ‘का’ हे सांगितलं नाही, तर रिकाम्या झालेल्या जागेत कुणीतरी महागडी बाटली विकून जातो. हे ‘का’ समजायला त्या विषाणूची जनुकीय रचना बघावी लागते, आणि ती रचना वाटते तितकी अवघड नाही.

या विषाणूचं नाव पपया रिंगस्पॉट व्हायरस. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो लवचिक, बारीक दोरा दिसतो: लांबी साधारण ७६० ते ८०० नॅनोमीटर, जाडी १२ नॅनोमीटर. बाहेरून एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे दोन हजार रेणू गोल जिन्यानं रचलेले असतात आणि त्यांच्या आत आरएनएचा एकच धागा असतो. आपल्या पेशींत आनुवंशिक माहिती डीएनएवर असते आणि तिच्या कामापुरत्या प्रती आरएनएवर निघतात. या विषाणूकडे डीएनए नाहीच. त्याचा आरएनए ज्या वाचनदिशेचा आहे, तीच दिशा झाडाच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, कळते. म्हणून पेशीत शिरल्या शिरल्या, वाटेत कोणतंही रूपांतर न होता, झाडाचं रायबोसोम तो वाचू लागतं आणि त्यावरून प्रथिनं बनवू लागतं. विषाणू स्वतःचं रायबोसोम आणत नाही. झाडाचंच वापरतो.

हवाईमधल्या पपईवरून घेतलेल्या विषाणूच्या वाणाचा संपूर्ण क्रम १९९२ साली प्रसिद्ध झाला. तो १०,३२६ अक्षरांचा भरला. अक्षर म्हणजे न्यूक्लिओटाइड; आरएनएत ती चारच प्रकारची असतात, ए, यू, जी आणि सी. ही लांबी किती छोटी आहे ते कळायला पपईचा स्वतःचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा आनुवंशिक मजकूर, बघा: सुमारे ३७ कोटी २० लाख अक्षरं. म्हणजे विषाणूच्या तुलनेत ३६ हजार पट मोठा. तरी एवढ्याशा मजकुरात पेशीचा ताबा घेणं, स्वतःच्या प्रती काढणं, एका पेशीतून दुसरीत जाणं, झाडाचा प्रतिकार मोडणं आणि मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीवर बसून पुढच्या झाडावर पोचणं, हे सगळं बसवलेलं आहे. कसं, ते आता बघू.

दोन टोकांपासून सुरुवात करू. झाडाच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएला पुढच्या टोकाशी एक रासायनिक टोपी असते. झाडातलं एक प्रथिन ती टोपी ओळखतं आणि मग वाचन सुरू होतं. विषाणूच्या धाग्याला ही टोपी नसते. तिच्या जागी व्हीपीजी नावाचं विषाणूचंच एक छोटं प्रथिन पक्क्या रासायनिक बंधानं जोडलेलं असतं, आणि टोपी ओळखणाऱ्या त्याच प्रथिनाला ते पकडतं. मिरची, टोमॅटो, लेट्यूस अशा पिकांत याच गणातल्या विषाणूंना दाद न देणाऱ्या काही जाती सापडल्या. शोध घेतल्यावर कळलं की त्यांच्यात झाडाचं हे प्रथिनच किंचित बदललेलं आहे. व्हीपीजीची पकड बसत नाही आणि विषाणूचं काम पहिल्याच पायरीवर अडतं. धाग्याच्या मागच्या टोकाला ए या अक्षरांची लांबलचक शेपूट असते, अगदी झाडाच्या आरएनएसारखी.

पुढच्या टोकाची ८५ अक्षरं प्रथिनात उतरत नाहीत. ८६ व्या अक्षरापासून वाचन सुरू होतं ते थेट १०,१२० व्या अक्षरापर्यंत, मध्ये एकही थांबा नाही. तीन-तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी), या हिशेबानं ३,३४४ अमिनो आम्लांचं एकच अवाढव्य प्रथिन तयार होतं. ते अखंड राहिलं तर काही कामाचं नाही.

कापडाच्या थानाचं उदाहरण घ्या. शर्ट, पायजमा, पिशवी असे दहा वेगवेगळे तुकडे एकाच थानात ओळीनं विणून आले आहेत, कुठे कापायचं त्या खुणाही विणीतच आहेत. फरक एवढाच की कापायच्या तीन कात्र्याही त्याच थानात विणलेल्या आहेत. थान यंत्रातून बाहेर पडतं आहे तोवरच त्या स्वतःला आणि शेजाऱ्यांना कापून मोकळं करतात.

पहिली कात्री अगदी सुरुवातीला, पी१ नावाची. ती एकच काप घेते, स्वतःला सोडवण्याचा. दुसरी तिच्या शेजारी, एचसी-प्रो. तिचाही एकच काप. उरलेले सात काप तिसरी, एनआयए-प्रो, घेते. दहा तुकडे आणि नऊ काप, असा हिशेब जुळतो. एनआयए-प्रो वाटेल तिथे कापत नाही. विशिष्ट क्रमानं आलेली सहा-सात अमिनो आम्लं ओळखते आणि त्यातल्या बहुधा ग्लुटामिननंतरच तोडते. तंबाखूवरच्या एका नातलग विषाणूची अशीच कात्री, टीईव्ही प्रोटिएज, इतकी नेमकी आहे की जगभरच्या प्रयोगशाळांत नको असलेला प्रथिनाचा तुकडा कापून टाकायला ती रोज वापरतात. पिकाचा शत्रू असलेल्या विषाणूचं अवजार औषधसंशोधनात कामाला यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दहा तुकड्यांचा क्रम असा: पी१, एचसी-प्रो, पी३, ६के१, सीआय, ६के२, व्हीपीजी, एनआयए-प्रो, एनआयबी आणि शेवटी सीपी. ही नावं पाठ करायची गरज नाही. काहींचं काम पटकन सांगून टाकतो. सीआय हे आरएनएची गुंतलेली वळणं सोडवतं. पेशीत ते साचून भिरभिऱ्याच्या आकाराच्या रचना दिसतात, आणि या गणातला विषाणू आहे हे ओळखायला संशोधक त्याच शोधतात. ६के२ पेशीतल्या पटलांपासून छोट्या पिशव्या तयार करतं, त्यांच्या आडोशाला विषाणूच्या प्रती निघतात. एनआयबी प्रत्यक्ष प्रती काढतं. सीपी म्हणजे बाहेरचं आवरण.

या पद्धतीत एक मोठी गैरसोय आहे. एका थानातून प्रत्येक तुकडा एकेकच निघतो. एका कणाच्या आवरणाला सीपीचे दोन हजार रेणू हवेत, तर प्रत काढणारं एनआयबी थोडंसं असलं तरी पुरतं. तरी दोन हजार सीपी बनवायचे तर दोन हजार एनआयबीही बनणारच. ही उधळपट्टीच आहे. काही नातलग विषाणूंत जादा झालेली प्रथिनं पेशीच्या केंद्रकात स्फटिकांसारखी साठलेली दिसतात. मग विषाणू एवढा तोटा का सोसतो? एक म्हणजे, जागा वाचते: प्रत्येक प्रथिनाला वेगळा सुरुवातीचा आणि शेवटचा संकेत लागत नाही. दुसरं, झाडाचं रायबोसोम सहसा एका संदेशावरून एकच प्रथिन वाचतं. दहा प्रथिनं हवी असतील, तर ती एकातच ओवून घेणं हा त्यावरचा एक तोडगा.

२००८ सालापर्यंत पाठ्यपुस्तकांत चित्र एवढंच होतं: एक धागा, एक लांब वाचन, दहा तुकडे. त्या साली बेट्टी चुंग, अँड्र्यू फर्थ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणातल्या विषाणूंचे क्रम संगणकावर शेजारी शेजारी लावून पाहिले. पी३ च्या मधोमध एक पट्टा असा निघाला की त्यात अक्षरं जितकी बदलायला हवीत तितकी बदलतच नव्हती. तीन अक्षरांमधलं तिसरं अक्षर पुष्कळदा बदललं तरी अमिनो आम्ल तेच राहतं, म्हणून तिथे सहसा मोकळीक असते. या पट्ट्यात ती मोकळीक नव्हती. म्हणजे तोच मजकूर आणखी कुठल्या तरी वाचनानंही उपयोगी पडत होता.

तो पट्टा सुरू होतो तिथे जी या अक्षरामागे ए हे अक्षर सलग सहा वेळा येतं: जी, ए, ए, ए, ए, ए, ए. प्रत काढणारं एनआयबी या एकसारख्या अक्षरांवर कधीकधी घसरतं आणि एक ए जास्त लिहून पुढे जातं. शंभरात एखाद-दोन प्रतींत असं होतं. एक अक्षर वाढलं की त्यापुढची तीन-तीनची विभागणी एका घरानं सरकते. म्हणजे पी३ चा पुढचा भाग नेहमीसारखाच, पण तिथून पुढे पूर्ण वेगळी शेपूट, आणि थोड्याच अंतरावर थांबा. या अकराव्या प्रथिनाचं नाव पी३एन-पिपो.

ते कशाला लागतं? वनस्पतीच्या पेशींना जाड भिंती असतात आणि त्या भिंतींत शेजारच्या पेशीशी जोडणाऱ्या अतिशय बारीक वाटा असतात. पी३एन-पिपो त्या वाटांपाशी जाऊन बसतं आणि सीआय या प्रथिनाला तिथे ओढून घेतं. दोघं मिळून विषाणूला पलीकडे जायचा रस्ता करतात. प्रयोगात हे एक प्रथिन बनू दिलं नाही, तर विषाणू पहिल्या पेशीत वाढतो, पण तिथेच अडकून पडतो. शेंड्यापासून फळापर्यंत सगळं झाड रोगट होतं ते शंभरातल्या एक-दोन ‘चुकलेल्या’ प्रतींच्या जोरावर. या सगळ्या रचनेत मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

आता पुन्हा औषधाच्या प्रश्नाकडे. हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तो माव्यामुळे, आणि साहजिकच पहिला विचार येतो कीटकनाशकाचा. पण माव्याच्या सोंडेवर विषाणू कसा बसतो ते बघितलं की फवारणी का फसते हे कळतं.

पंख असलेला मावा उडत उडत पपईवर उतरतो. हे झाड आपल्या खाण्याचं आहे का, हे त्याला चव घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो सुईसारखी सोंड पानाच्या वरच्या थरातल्या एका पेशीत क्षणभर खुपसतो. पपई त्याला सहसा रुचत नाही. तो तिथे वस्ती करत नाही, पिल्लं घालत नाही. सोंड काढून उडतो आणि शेजारच्या झाडावर तीच परीक्षा घेतो. हा सगळा कारभार काही सेकंदांचा, फार तर मिनिटाचा.

त्या क्षणभरात एचसी-प्रो, म्हणजे ती दुसरी कात्री, वेगळंच काम करतं. त्याच्या पुढच्या भागात लायसिन, आयसोल्युसिन, थ्रिओनिन, सिस्टीन अशी चार अमिनो आम्लं ओळीनं असतात. त्या भागानं ते माव्याच्या सोंडेच्या आतल्या कडेला चिकटतं. त्याच्याच दुसऱ्या भागातला तीन अमिनो आम्लांचा गट विषाणूच्या आवरणाला धरतो, आणि आवरणावरही त्यासाठी ठरावीक जागा आहे: सीपीच्या सुरुवातीजवळ ॲस्पार्टिक आम्ल, अलानिन, ग्लायसिन. यांतलं एखादं जरी बदललं तरी माव्यातून प्रसार कोसळतो. प्रयोगशाळेत विषाणू झाडाचा रस पानावर चोळून पिढ्यान् पिढ्या जपला, माव्याची गरजच पडली नाही, तर काही विषाणूंनी ही तीन अमिनो आम्लं गमावल्याचं दिसलं आहे. झाडात ते उत्तम वाढतात, पण मावा त्यांना नेऊ शकत नाही.

विषाणू माव्याच्या शरीरात शिरत नाही, तिथे वाढत नाही. सोंडेच्या कडेला चिकटतो आणि पुढच्या एक-दोन टोचण्यांत सुटून जातो. म्हणून कीटकनाशक लागलेल्या पानावर मावा बसला आणि अर्ध्या तासात मेला, तरी उपयोग काय? त्याच्या आधीच त्यानं टोचून घेतलेलं असतं. काही कीटकनाशकांनी तो अस्वस्थ होऊन उलट जास्त झाडं टोचत फिरू शकतो. आणि तो मावा बहुतेकदा पपईवर वाढलेलाही नसतो. शेजारच्या कपाशीवरून, भाज्यांवरून, तणांवरून आलेला असतो.

एचसी-प्रोचं तिसरं कामही तितकंच महत्त्वाचं. विषाणूच्या प्रती निघताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना जोडलेले असतात. झाड असा दुहेरी आरएनए परका म्हणून ओळखतं, त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं आणि ते तुकडे नमुना म्हणून वापरून त्या क्रमाशी जुळणारा प्रत्येक आरएनए शोधून नष्ट करतं. वनस्पतींची ही स्वतःची प्रतिकारशक्ती आहे. एचसी-प्रो ते छोटे तुकडेच पकडून ठेवतं आणि झाडाच्या हाती नमुना लागू देत नाही. कापणं, माव्याला चिकटणं, प्रतिकार मोडणं: एवढ्याशा जीनोममध्ये एका प्रथिनाला तीन-तीन नोकऱ्या कराव्या लागतात.

झाडाला हा नमुना आधीच देऊन ठेवला तर? हवाईत हेच केलं गेलं. तिथल्या ओआहू बेटावर या रोगानं पपई परवडेनाशी झाली, म्हणून लागवड मोठ्या बेटावरच्या पुना भागात हलली होती. १९९२ साली विषाणू पुनातही पोचला आणि पुढच्या सहा वर्षांत तिथलं उत्पादन निम्म्याच्या आसपास आलं. वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संकट येण्याच्या कितीतरी आधी तयारी सुरू केली होती. हवाईतल्याच विषाणूच्या एका सौम्य वाणाचं सीपीचं जनुक त्यांनी धातूच्या सूक्ष्म कणांवर बसवून ‘सनसेट’ जातीच्या पपईच्या पेशींत मारलं. त्यातून ‘सनअप’ आणि तिच्या संकरातून ‘रेनबो’ या जाती आल्या. १९९८ साली बियाणं शेतकऱ्यांच्या हाती पडलं आणि पुनातल्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पपईचा जीनोम २००८ साली वाचला गेला तो याच सनअपचा.

पण इथे एक अट आहे आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. झाडाकडे असलेला नमुना आणि येणारा विषाणू यांचा क्रम जवळून जुळला पाहिजे. रेनबोमध्ये या जनुकाची एकच प्रत असते. हवाईच्या विषाणूपुढे ती टिकते, पण थायलंड-तैवानकडच्या वाणांना बळी पडते, कारण त्यांच्या सीपीचा क्रम बराच वेगळा आहे. भारतात तर एका राज्यातल्या आणि दुसऱ्या राज्यातल्या विषाणूंच्या सीपीतही लक्षणीय फरक सापडतो. हवाईचं बियाणं आणून इथे लावलं की प्रश्न मिटेल, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय अशी जनुकबदल पपई भारतात व्यावसायिक लागवडीसाठी मंजूर नाही.

हे फरक येतात कुठून? पुन्हा एनआयबीकडे जावं लागतं. ते प्रत काढतं, पण लिहिलेलं तपासत नाही. आरएनए विषाणूंत साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक धरतात. जीनोम दहा हजार अक्षरांचा आणि एका रोगट पानात प्रती अगणित, म्हणजे त्या पानात विषाणूची एकच आवृत्ती कधीच नसते. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक ठरतात. एखादा मात्र नवं दार उघडतो.

या विषाणूत तसं एक उदाहरण ठळक आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. डब्ल्यू प्रकार फक्त काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या वेलींवर वाढतो. पी प्रकार त्या वेलींवरही वाढतो आणि पपईवरही. दोघांचे क्रम इतके सारखे की वेगळेपण कुठे आहे हे बराच काळ हाती लागत नव्हतं. २००८ साली तैवानमधल्या संशोधकांनी दोघांचे तुकडे अदलाबदल करत करत ते शोधून काढलं. पपईवर वाढता येतं की नाही, हे मुख्यतः एनआयए-प्रो या तिसऱ्या कात्रीतल्या २७ व्या अमिनो आम्लावर ठरतं: तिथे ॲस्पार्टिक आम्ल असेल तर डब्ल्यू, लायसिन असेल तर पी. ३,३४४ मधलं एक. ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांच्या तुलनेतून तर असं दिसलं की तिथला पपईवरचा विषाणू बाहेरून आलेला नसून वेलींवरच्या स्थानिक विषाणूतूनच उपजला असावा.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅक रोगाची नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९४८ सालीच ‘करंट सायन्स’मध्ये केली होती. तेव्हा जनुकीय क्रम वाचणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज शहादा, धुळे, जळगाव या पट्ट्यात तैवान पपईच्या बागांना याच रोगाची धास्ती असते, आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशी वाचल्या तर त्यातली प्रत्येक ओळ वरच्या रचनेशी जोडता येते. रोपं कीटकरोधक जाळीत वाढवायची, कारण कोवळ्या वयात विषाणू लागला तर फळ धरायच्या आधीच झाड जातं. बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावायच्या, कारण मावा आधी मक्यावर टोचतो आणि सोंडेला चिकटलेला विषाणू तिथेच सोडतो. मक्यात हा विषाणू वाढत नाही. चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) घालायचं, कारण परावर्तित प्रकाशानं उडता मावा उतरायला बिचकतो. रोगट झाड दिसताच उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, कारण पुढच्या प्रत्येक टोचणीला विषाणू त्याच झाडातून मिळणार असतो. फळं लागलेलं झाड उपटताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. तरी पहिली दोन-चार झाडं वेळेत काढली तर बाकीची बाग काही महिने तरी जास्त टिकते. आणि पपईच्या शेजारी काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड लावायचं नाही. बांधावर आपोआप उगवलेला एखादा वेल असेल तर तोही काढून टाकायचा.